जैवरसायनशास्त्र आणि टाळलेले गणित

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातली. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. बारावीनंतर नीट दोनदा दिली. जीवशास्त्रात बरे गुण मिळाले, भौतिकशास्त्रात फारच कमी. मग मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात जैवरसायनशास्त्र घेऊन बीएस्सीला प्रवेश घेतला. आता दुसऱ्या वर्षाला आहे. ग्लायकोलिसिस, क्रेब्स सायकल असे पेशी अन्नातून ऊर्जा कशी मिळवते ते सांगणारे सगळे मार्ग मी पाठ करते, परीक्षेत लिहिते आणि महिन्याभरात विसरते. भौतिक रसायनाच्या पेपरात केटी लागली आहे, म्हणजे तो पुन्हा द्यावा लागणार आहे. प्रॅक्टिकलला एका टेबलावर आम्ही चौघे-पाच जण असतो आणि माझ्याकडे नेहमी रीडिंग लिहून घेण्याचे काम येते. इंग्रजीत बोलायची भीती वाटते, त्यामुळे वर्गात कधी प्रश्न विचारलेला नाही. एकाही शिक्षकाला माझे नाव ठाऊक नसेल. घरी प्रत्येक सुट्टीत विचारतात, "हे करून पुढे काय?" मला सांगता येत नाही. हे सोडून पुन्हा एक वर्ष नीटची तयारी करावी का?
— द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या पत्रात दोन गोष्टी दोन वेगळ्या ठिकाणी आल्या आहेत आणि त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. नीटमध्ये भौतिकशास्त्रात गुण कमी पडले हे तुम्ही सुरुवातीला लिहिता आणि भौतिक रसायनात केटी लागल्याचे बरेच पुढे. हा विषय शिकवण्यात माझे आयुष्य गेले आहे आणि त्या अनुभवावरून मी ठामपणे सांगते की हे एकच दुखणे आहे. लॉगॅरिथम, एककांचे रूपांतर, प्रमाण, आलेखाचा चढ असे काही समोर आले की तुम्ही ते बाजूला ठेवून पाठांतराकडे वळता. शाळेतल्या जीवशास्त्रात त्यावाचून अडत नव्हते. जैवरसायनशास्त्रातही पहिले वर्ष तसे निभावून जाते. दुसऱ्या वर्षापासून मात्र एन्झाइमची गती, बफर, मुक्त ऊर्जा, शोषणमापन हे सगळे आकड्यांच्या भाषेत बोलू लागते आणि केवळ स्मरणशक्तीच्या बळावर चालणाऱ्या विद्यार्थ्याची दमछाक होते. तुमची स्मरणशक्ती उत्तम असणार, नाहीतर तुम्ही इथवर आला नसता. पण तिच्यावर तिच्या कुवतीपलीकडचे ओझे टाकले गेले आहे.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. नीटसाठी हे शिक्षण सोडू नका. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, वरची वयोमर्यादाही नाही, त्यामुळे ते दार पदवीनंतरही उघडेच राहणार आहे. परंतु त्या परीक्षेच्या ७२० गुणांपैकी १८० भौतिकशास्त्राचे आणि १८० रसायनशास्त्राचे असतात, आणि ज्या गणिताशी तुमचे जमत नाही तेच गणित तिथे तिसऱ्यांदा तुमच्यासमोर उभे राहील. वर्षभर खोलीत एकटीने बसून, हातातली पदवी सोडल्याचे दडपण घेऊन ते सुधारण्यापेक्षा, जिथे त्याच गणिताचा रोज उपयोग होतो अशा प्रयोगशाळेत राहून ते सुधारणे कितीतरी सोपे आहे. पदवी आणि नीट दोन्ही एकाच वर्षात करण्याचा विचारही नको. नीट साधारणपणे मे महिन्यात असते आणि तुमच्या सम सत्राच्या परीक्षाही त्याच्या आगेमागेच येतात. दोन्हीकडे अर्धे मन ठेवून दोन्हीकडे अर्धेच गुण मिळतात, हे मी फार जवळून पाहिले आहे. दरम्यान स्वतःला एक प्रश्न मात्र प्रामाणिकपणे विचारून ठेवा. तुम्हाला रुग्णासमोर बसायचे आहे, की शरीरात जे बिघडते ते नेमके कसे बिघडते हे जाणून घ्यायचे आहे? पहिले उत्तर असेल तर पदवीनंतर नव्या तयारीने जरूर प्रयत्न करा. दुसरे असेल, तर तुम्ही योग्य जागीच आहात.

आता गणिताकडे वळू या, कारण इथेच तुमचा बहुतेक प्रश्न सुटणार आहे. केटी लागलेल्या पेपरचा अभ्यास पहिल्या धड्यापासून ओळीने करू नका. आधी फक्त लॉगॅरिथम हाती घ्या. दहा या पायाला एकचा लॉग शून्य, दहाचा एक, शंभराचा दोन, दोनाचा सुमारे ०.३. एवढ्या भांडवलावर आपल्या रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचा निर्देशांक, तोंडी काढता येतो. रक्तातील मुख्य बफर, म्हणजे पीएच फारसा बदलू न देणारे मिश्रण, बायकार्बोनेटचा असून त्याचा पीकेए (आम्लाची ताकद सांगणारा आकडा) ६.१ धरतात. निरोगी माणसाच्या रक्तात बायकार्बोनेट लिटरला सुमारे २४ मिलिमोल असते आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे १.२ मिलिमोल. पीएच म्हणजे पीकेए अधिक या दोन्हींच्या प्रमाणाचा लॉग. हे प्रमाण वीसास एक. वीसाचा लॉग म्हणजे दहाचा एक आणि दोनाचा ०.३ मिळून १.३. तो ६.१ मध्ये मिळवला की ७.४. पाठ्यपुस्तकात रक्ताचा पीएच म्हणून जो आकडा तुम्ही पाठ केला आहे, तो असा तुमच्याच हातून येतो. आता हाच हिशेब उलटा करून पाहा. एखाद्या मधुमेही रुग्णाच्या रक्तात कीटोन आम्ले साठली, बायकार्बोनेट २४ वरून १२ वर आले आणि कार्बन डायऑक्साइड तेवढाच राहिला, तर प्रमाण दहास एक होईल आणि पीएच ७.१ वर उतरेल. अशा रुग्णाला धाप का लागते, याचेही उत्तर याच समीकरणात आहे. वेगाने श्वास सोडून शरीर कार्बन डायऑक्साइड कमी करते, म्हणजे भागाकारातला खालचा आकडा लहान करून प्रमाण पुन्हा वर आणण्याची खटपट करते. ज्या पेपरात तुम्हाला केटी लागली त्याच पेपरातले हे समीकरण आहे, आणि ते समजून घेतलेली मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात गेली काय किंवा संशोधन संस्थेत गेली काय, तिला ते पुन्हा पाठ करावे लागणार नाही.

चयापचयाचे मार्ग विसरण्याचे कारणही याच्याच जवळपास आहे. ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या तुम्ही दहा नावांची यादी म्हणून लक्षात ठेवता, आणि यादीतल्या एका नावाचा दुसऱ्या नावाशी काही संबंध नसल्यामुळे एक निसटले की पुढची सगळी निसटतात. प्रत्येक पायरीपाशी थांबून "ही नसती तर काय अडले असते?" एवढेच विचारा. पहिल्या पायरीत हेक्झोकायनेज हे एन्झाइम एक एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे एक नाणे, खर्च करून ग्लुकोजला फॉस्फेट जोडते. कमावण्याआधीच खर्च कशासाठी? फॉस्फेटवर ऋण भार असतो, त्यामुळे तो जोडलेला रेणू पेशीपटलातून परत बाहेर पडू शकत नाही. शिवाय पेशीतले मोकळे ग्लुकोज कमी राहते, म्हणून बाहेरचे आत येत राहते. दुसऱ्या पायरीत ग्लुकोज-६-फॉस्फेटचे फ्रुक्टोज-६-फॉस्फेट होते. वरवर पाहता ही पायरी निरर्थक वाटते. अणू तेवढेच, सूत्र तेच, ऊर्जेतही फारसा फरक नाही. विद्यार्थी इथून घाईने पुढे जातात. तुम्ही मात्र इथेच थांबा आणि कागदावर सहा कार्बनची साखळी काढा.

चौथ्या पायरीत अल्डोलेज हे एन्झाइम ही साखळी तोडणार आहे. हे तोडणे वाटेल तिथे होत नाही. कार्बोनिल गट (दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन) ज्या कार्बनवर असतो, त्याच्या शेजारचा कार्बन आणि त्यापुढचा कार्बन यांच्यामधला बंध तुटतो. ग्लुकोजमध्ये कार्बोनिल पहिल्या कार्बनवर आहे. म्हणजे बंध दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये तुटला असता आणि दोन कार्बनचा एक व चार कार्बनचा एक असे दोन विजोड तुकडे पडले असते. त्या दोघांसाठी पेशीला दोन वेगळे मार्ग चालवावे लागले असते. फ्रुक्टोजमध्ये कार्बोनिल दुसऱ्या कार्बनवर येतो, त्यामुळे बंध तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये तुटतो आणि तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे मिळतात. हे दोन तुकडे ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेजच्या साहाय्याने एकमेकांत बदलू शकतात, म्हणून पुढे दोघांना मिळून एकच मार्ग पुरतो. जी पायरी निरर्थक वाटत होती, तिच्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. हे एकदा स्वतःच्या हाताने काढून पाहिले की दुसरी, चौथी आणि पाचवी पायरी वेगवेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. एक आठवली की बाकीच्या दोन आपोआप आठवतात.

याच चौथ्या पायरीला भौतिक रसायन पुन्हा भेटते. प्रमाण परिस्थितीत या अभिक्रियेच्या मुक्त ऊर्जेतला बदल मोलमागे सुमारे अधिक २४ किलोज्यूल आहे, म्हणजे कागदावर ती पुढे जायलाच नको. पेशीत मात्र ती जाते, कारण तिथे सगळ्या पदार्थांची तीव्रता अतिशय कमी असते, एका रेणूचे दोन होत असतात आणि तयार झालेले पदार्थ पुढच्या पायऱ्या उचलून नेत राहतात. मुक्त ऊर्जेच्या समीकरणातले लॉगचे पद इतके ऋण होते की ते २४ किलोज्यूल जवळजवळ फिटतात. एटीपीचा हिशेब किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा प्रत्येक पायरीला मांडत चला. सुरुवातीला दोन खर्च, नंतर चार जमा, शिल्लक दोन. ही शिल्लक पाठ असणे आणि ती कोणकोणत्या नोंदींतून आली हे सांगता येणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर तुमच्या आत्ताच्या अभ्यासात आणि जो अभ्यास व्हायला हवा त्यात आहे. आठवड्याला एकच मार्ग घ्या, पण तो असा घ्या.

भाषेबद्दल थोडे सांगते. परीक्षा इंग्रजीत आहे म्हणून विचारही इंग्रजीतच करायला हवा, असे कुणीही म्हटलेले नाही. एखाद्या पायरीचे कारण आधी मराठीत, आपल्या नेहमीच्या बोलीत पूर्ण वाक्यांत लिहा. ते लिहिता आले नाही तर ते तुम्हाला समजलेले नाही, आणि इंग्रजीतली घोकलेली वाक्ये ही उणीव झाकून ठेवतात. मराठीतले कारण पक्के झाले की ते लहान, सरळ इंग्रजी वाक्यांत उतरवा. व्हायवाला अडखळत का होईना, पण स्वतःची कारणे सांगणारी मुलगी परीक्षकाला लगेच ओळखू येते.

आता प्रॅक्टिकलविषयी, आणि इथे मला तुम्हाला जरा कळकळीने सांगायचे आहे. चार-पाच जणांच्या टेबलावर ज्याच्या हातात पिपेट असते तो शिकतो आणि ज्याच्या हातात पेन असते त्याचे जर्नल सुबक होते. दोन वर्षे रीडिंग लिहून बाहेर पडलेल्या पदवीधराला मुलाखतीत मायक्रोपिपेट हातात दिली की काही क्षणांत सगळे उघडे पडते. तेव्हा पुढच्या बॅचला टेबलावरच्या सोबत्यांना सरळ सांगा की आज पिपेट मी धरणार. हे भांडण होऊ नये म्हणून कामे दर आठवड्याला आळीपाळीने वाटून घ्या. प्रॅक्टिकल संपल्यावर थोडा वेळ थांबण्याची परवानगीही मागा. प्रयोगशाळा सहायक हे महाविद्यालयातले सर्वांत दुर्लक्षित शिक्षक असतात. द्रावण का फाटले, कलरीमीटरचा काटा का हलत नाही, सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोरच्या नळ्या का तोलायच्या, हे त्यांच्याइतके नीट फार थोडे जण सांगू शकतात.

आणि जो प्रयोग कराल त्याचा हिशेब स्वतः करा. लाळेतल्या अमायलेजचा प्रयोग तुमच्या अभ्यासक्रमात असणारच. स्टार्चवर लाळ घातली, दहा मिनिटांनी डीएनएसए हे साखरेबरोबर रंग देणारे अभिकर्मक घातले, उकळत्या पाण्यात ठेवले, नारिंगी-तांबडा रंग आला, ५४० नॅनोमीटरला रीडिंग घेतले. डीएनएसए घातल्याबरोबर अभिक्रिया का थांबते? कारण ते तीव्र अल्कलीत बनवलेले असते आणि त्यात एन्झाइम टिकत नाही. ब्लँक कशासाठी? स्टार्चमध्ये, लाळेत आणि अभिकर्मकात मुळातच जो रंग आहे तो वजा करण्यासाठी. आता समजा, माल्टोजच्या प्रमाण आलेखावरून तुमच्या नळीत दहा मिनिटांत ०.६८४ मिलिग्रॅम माल्टोज तयार झालेले दिसले. माल्टोजचा रेणुभार ३४२, म्हणजे हे दोन मायक्रोमोल झाले. मिनिटाला ०.२ मायक्रोमोल, म्हणजे एन्झाइमची ०.२ एकके. नळीत घातलेली लाळ अर्धा मिलिलिटर होती, म्हणजे मिलिलिटरला ०.४ एकके. इथे बहुतेक जण थांबतात आणि उत्तर चुकवतात, कारण ती लाळ शंभरपट पातळ केलेली होती. मूळ लाळेत मिलिलिटरला ४० एकके. या एका उदाहरणात रेणुभार, एकक, प्रमाण आणि पातळीकरण असे सगळे आले. वर्गातल्या आलेखावर एखादा बिंदू रेषेबाहेर पडला तर तो पुसून जर्नलमध्ये सरळ रेषा काढू नका. तो बिंदू का पडला हे शोधण्यातूनच तुम्ही प्रयोग करायला शिकाल.

शिक्षकांना तुमचे नाव ठाऊक नसण्याचा दोष तुमच्याकडे घेऊ नका. १८५७ साली स्थापन झालेल्या आणि शेकडो महाविद्यालये सामावणाऱ्या विद्यापीठात विद्यार्थी बैठक क्रमांकानेच ओळखला जातो. त्या व्यवस्थेत तुम्हाला हाक मारायला कुणी येणार नाही, पण जो स्वतःहून जातो त्याला सहसा परतवतही नाहीत. वर्गात बोलायला संकोच वाटत असेल तर तास संपल्यावर भेटा, आणि "मला काही समजत नाही" असे न म्हणता एक नेमका प्रश्न घेऊन जा. वरच्या अल्डोलेजच्या पायरीसारखी स्वतः काढलेली आकृती सोबत असेल तर फारच उत्तम. मराठीत विचारलेत तरी चालेल.

याच विद्यापीठातून १९३३ साली रसायनशास्त्रात बीएस्सी करून पहिल्या आलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये केवळ स्त्री असल्यामुळे प्रवेश नाकारला गेला. नकार देणारे होते नोबेल पारितोषिक मिळालेले सी. व्ही. रामन. त्या तिथे प्रत्यक्ष गेल्या, कारण विचारले आणि अपमानास्पद अटी घालून का होईना, पण प्रवेश मिळवला. पुढे १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी हे प्रथिन असते, हे त्यांनी दाखवले. मुंबईला परतून त्यांनी इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जैवरसायनशास्त्र शिकवले आणि नीरा, डाळी, तांदळाचे पीठ अशा साध्या माणसांच्या आहारावर संशोधन केले. आदिवासी मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या पोषणासाठी नीरा उपयोगी पडते का, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. नंदुरबारहून आलेल्या मुलीने हे नाव मनात जपून ठेवावे असे मला मनापासून वाटते.

नंदुरबारचा उल्लेख मी उगाच करत नाही. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींना विळ्यासारखा आकार देणारा आनुवंशिक आजार आढळतो, आणि त्याच्या तपासणीची शिबिरे तुम्ही गावाकडे पाहिली असतील. जैवरसायनशास्त्राच्या इतिहासात या आजाराचे स्थान फार मोठे आहे. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते, आणि त्यांनी याला रेणूचा आजार म्हटले. पुढच्या दशकात व्हर्नन इंग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये शोधले की बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आल्यामुळे हे सारे घडते. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलीनवर नसतो. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत दोन बीटा साखळ्या असतात, म्हणून दोन ऋण भार कमी होतात आणि अल्कधर्मी बफरमध्ये हे हिमोग्लोबिन धन टोकाकडे सावकाश सरकते. तुमच्या अभ्यासक्रमातले इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे हेच. केंद्र सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून २०४७ हे उद्दिष्टाचे वर्ष ठरवले आहे. या कामाला भिल्लांची आणि पावरांची भाषा समजणारी, गावातली भीती ओळखणारी आणि त्याच वेळी अहवालावरचा प्रत्येक आकडा कसा आला हे सांगू शकणारी माणसे लागणार आहेत. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे आणि तिथे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांवर काम चालते. तुमचे महाविद्यालय मुंबईत असेल तर ती लोकलने जाण्याइतकी जवळ आहे. क्षेत्रप्रकल्प किंवा ऑन जॉब ट्रेनिंगसाठी जागा शोधण्याची वेळ येईल तेव्हा विभागप्रमुखांचे पत्र घेऊन अशा ठिकाणी विचारून पाहा. मिळेल ती फोटोकॉपीच्या दुकानातली सही घेऊन श्रेयांक पूर्ण करणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. भारतातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन छात्रवृत्ती देतात. तिचे अर्ज आधीच्या वर्षाच्या शेवटाकडे भरावे लागतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतच तयारी करा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उपक्रम चालतात.

पुढे काय, या प्रश्नाला मी थोडक्यात पण स्पष्ट उत्तर देते. केवळ तीन वर्षांच्या बीएस्सीवर औषध, लस किंवा खाद्यपदार्थ उद्योगात गुणवत्ता तपासणीची कामे मिळतात, मात्र सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. निदान प्रयोगशाळेत काम करायचे असेल तर बहुतेक ठिकाणी डीएमएलटीसारखी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) वेगळी अर्हता मागतात, आणि हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावे, कारण "बायोकेमिस्ट्री म्हणजे रक्त तपासणी" असा समज सर्वत्र आहे. संशोधनाकडे वळायचे असेल तर नव्या शैक्षणिक धोरणातले चौथे वर्ष तुमच्या कामाचे आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असणाऱ्यांना त्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचा पर्याय घेता येतो. म्हणून केटी नुसती सोडवू नका, चांगल्या गुणांनी सोडवा. एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम परीक्षा द्यायची तर बायोटेक्नॉलॉजीचा पेपर घ्यावा लागेल आणि त्यातही गणिताचा भाग आहे. गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेतील जीवविज्ञान पेपरमध्ये जैवरसायनशास्त्र हा ऐच्छिक विभाग आहे, पण रसायनशास्त्र सक्तीचे आहे. प्राध्यापक व्हायचे असेल तर एमएस्सीनंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागते. मायनर विषय निवडण्याची मुभा अजून असेल तर रसायनशास्त्र घ्या. जैवरसायनाच्या विद्यार्थ्याला पुढे जे दरवाजे बंद मिळतात, त्यांतले बरेच रसायनाचे श्रेयांक कमी असल्यामुळे बंद असतात.

घरच्यांना हे सगळे सांगण्याची गरज नाही. त्यांना नोकऱ्यांची यादी नको असते. मुलगी कुठे चालली आहे हे तिला स्वतःला ठाऊक आहे, एवढा दिलासा त्यांना हवा असतो. या सुट्टीत घरी गेल्यावर सिकलसेलचे कार्ड असलेले कुणी नात्यात किंवा शेजारी असेल, तर त्यांच्या परवानगीने तो अहवाल पाहा आणि त्यावरच्या अक्षरांचा व आकड्यांचा अर्थ आईवडिलांना अहिराणीत, भिलीत, जी तुमची घरची बोली असेल तिच्यात समजावून सांगा. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर एक किंवा दोन वर्षांचे पुढचे शिक्षण, आणि त्यापुढे याच कामातली नोकरी किंवा संशोधन, असा तुमचा बेत आहे हे त्याच बोलण्यात सांगून टाका.

त्याआधी एक काम बाकी आहे. केटीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत सूचना फलकावर पाहा आणि पहिल्याच आठवड्यात अर्ज भरा. मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात मिळतात. त्यांतली फक्त गणिते वेगळी काढा, रोज दोन सोडवा, आणि जिथे अडाल ते गणित दुसऱ्या दिवशी घेऊन शिक्षकांकडे जा.